वय 43, इलेक्ट्रिक युनिसायकलवर चार दिवसांत भिंत सुटत नाही. मला जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 14 इंची चाकाची छोटी इलेक्ट्रिक युनिसायकल (मोटरवर चालणारं एकच चाक, सीट नाही, दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर उभं राहून चालवायचं) घेतलीय, चार दिवस पार्किंगमध्ये भिंत धरून तिच्यावर उभं राहायचा सराव करताय, हात सोडला की बाजूला कोसळता. वय आड येतंय का, आणि किती दिवस लागतात?

वय आड येत नाही. मी 46व्या वर्षी शिकले, तीही अशाच 14 इंची चाकावर. पण जागच्या जागी उभं राहणं ही या चाकावरची सगळ्यात अवघड गोष्ट आहे. दोन वर्षं झाली तरी मला ते दोन-तीन सेकंदांच्या वर जमत नाही. तुम्ही नेमकी तिथूनच सुरुवात केलीय, म्हणून कळकळीने सांगते, भिंत उद्याच सोडा.

चाकातले सेन्सर आणि मोटर तुम्हाला फक्त पुढे-मागे सांभाळतात. पुढे झुकलात की मोटर चाक पळवून तुमच्या खाली आणते, मागे रेललात की वेग कमी करते. डावी-उजवीकडचा तोल मोटरच्या हातात नाही, तो सायकलसारखा आहे. लहानपणी सायकल शिकवताना मोठी माणसं मागून ओरडायची, 'पडतेस त्या बाजूला हॅन्डल वळव!' तोच नियम इथेही लागू. हॅन्डल नाही म्हणून वळवायचं काम कंबर आणि खांदे करतात, पण त्यासाठी चाक चालतं असायला हवं. उभं चाक वळून तुमच्या खाली येणार कसं? चालण्याच्या वेगाला ते सर्वांत जास्त डगमगतं आणि नवशिके भीतीने त्याच वेगाला धरून बसतात. ताशी 8-10 किलोमीटर, म्हणजे रमतगमत धावण्याचा वेग आला की ते बरंच शांत होतं.

सुरुवात लंगडीने करा. लंगडी घालताना जो पाय जमिनीवर ठेवता, तोच पेडलवर ठेवायचा (पेडल म्हणजे इथे न फिरणारी पाटी). पाऊल पूर्ण आत सरकवायचं, नडगी आतून चाकाला टेकवायची, आणि दुसऱ्या पायाने जमीन ढकलून क्षणभर त्या एका पायावर जायचं. एक हात, दोन हात, एवढंच अंतर. हे मी तीन दिवस केलं, रोज वीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ करू नका. पाय थकले की शरीर चुकीच्या सवयी लावून घेतं. आणि आज अजिबात न जमलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच खेपेला जमते, हे मी इतक्यांदा अनुभवलंय की रात्रीच्या झोपेलाही मी सरावातच धरते.

दुसरा पाय वर घ्यायची वेळ आली की तो अलगद ठेवायला जाऊ नका. जोरात ढकला, वेग येऊ द्या, मगच पाय उचला. पाऊल वेडंवाकडं पडलं तर पडू दे, तसंच पुढे जा.

माझं अडलं होतं ते नजरेपाशी. सहाव्या दिवशी दोन्ही पाय वर येत होते, पण चार-पाच मीटरवर चाक डावीकडे वळून कंपाउंडच्या भिंतीकडे जायचं. मी सारखी खाली पेव्हर ब्लॉकच्या रेघांकडे बघत होते. आमच्या मजल्यावरची नऊ वर्षांची मुलगी सायकल फिरवत होती. ती म्हणाली, 'काकू, खाली नका बघू, माझ्या मागे मागे या.' ती पुढे निघाली आणि मी तिच्या पाठीवरच्या निळ्या दप्तराकडे बघत राहिले. गेटपर्यंत पोहोचले तेव्हा कळलं की मधला स्पीडब्रेकरही मागे पडलाय. त्या क्षणी छातीत जे धडधडलं ते अजून आठवतं. तुमच्याकडे कोणी सायकलवालं नसेल तर समोरचं एखादं झाड निवडा.

पडाल, नक्की पडाल. माणूस बहुतेक वेळा पायांवरच उतरतो, मार बसतो तो नडगीला आणि घोट्याला, कारण चाक आडवं होताना पेडल तिथे लागतं. फुटबॉलचे शिन गार्ड घ्या. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून हवेतच. बूट सपाट, कडक तळव्याचे घाला. सुरुवातीला तळवे बधिर होतात कारण आपण भीतीने पेडल दाबून धरतो, ते हळूहळू जातं. सुटलेलं चाक लांब गडगडू नये म्हणून मी चाक उचलायच्या वरच्या मुठीला जुनी सुती ओढणी बांधली होती. ती हातात सैल धरायची, मनगटाला गुंडाळायची नाही. आणि चाक चालू असताना उचलू नका. काही मशीनमध्ये उचलल्यावर मोटर थांबते, सगळ्यांत नाही, आणि हवेत ते भयंकर वेगाने गरगरतं.

जमायला लागल्यावरचा धोका वेगळा असतो. तुम्हाला पुढे-मागे सावरायलाही मोटरचीच ताकद लागते. वेग फार वाढला, किंवा बॅटरी उतरलेली असताना जोरात झुकलात, तर ती ताकद अपुरी पडते आणि माणूस थेट तोंडावर जातो. म्हणून बीप वाजला किंवा पेडल पुढून वर उचललं गेलं की ते दाबून पुढे रेटू नका, लगेच वेग कमी करा. ॲपमध्ये वेगमर्यादा असेल तर पहिले काही आठवडे ती कमीत कमी ठेवा. ब्रेक म्हणजे खुर्चीत बसायला जातो तसे गुडघे वाकवून मागे बसणं. हे धावण्याच्या वेगातच घोटून घ्या.

सराव सोसायटीत किंवा मैदानावर करा. आपल्याकडे 250 वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या बॅटरीच्या वाहनांना नोंदणीतून सूट आहे, पण बहुतेक युनिसायकलींची मोटर त्याहून ताकदवान असते. आणि मोठं चाक परदेशातून कोणाकडून मागवायचा विचार मनात आला तर आधीच सांगून ठेवते: 160 वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही, आणि या चाकांची बॅटरी सहसा त्याहून मोठीच असते.

किती दिवस, तर मला सरळ रेषेत निर्धास्त जायला नऊ दिवस लागले आणि दोन्ही बाजूंना वळायला आणखी दोन आठवडे. डावं वळण लगेच आलं, उजवं येईना. मग रोज पार्किंगच्या खांबाभोवती आधी दहा फेऱ्या उजव्याच मारायच्या असं ठरवलं. तुमची नावडती बाजू कोणती ते पहिल्याच आठवड्यात कळेल, सराव तिच्यापासून सुरू करा.