अण्णांना मतलबाचंच ऐकू येतं का?

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये उमेदीची वर्षं काढलेल्या एका पंचावन्न वर्षांच्या गृहस्थांना मुलगा आणि सून कान तपासायला माझ्याकडे घेऊन आले. मुलगा म्हणाला, “अण्णायला मतलबाचं बरोबर ऐकू येतंय. मी हाक मारली की ओ देतात, नात चारदा पाणी मागते तरी लक्ष नाही. आवाज चढवला तर म्हणतात, कशाला वरडतोस!”

ही तक्रार फार घरांत असते आणि तिच्यापायी माणसाचा नाहक अपमान होतो. अण्णा सोंग करत नव्हते.

आंतरकर्णातल्या गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत सुमारे 15,000 केसपेशी असतात. बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी. यंत्रांच्या गोंगाटाने बहुधा 4,000 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचं एकक; आकडा मोठा तितकी पट्टी उंच) आसपासच्या पेशी आधी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. अण्णांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे कोणत्या पट्टीला किमान किती मोठा आवाज लागतो याच्या आलेखात, 500 हर्ट्झला 20 डेसिबल, म्हणजे ठीक. 4,000 ला मात्र रेषा 65 पर्यंत घसरलेली. कानामागच्या हाडावर कंपन देऊन, म्हणजे पडद्याला वगळून, केलेली तपासणीही तशीच आली, म्हणजे दोष मळाचा किंवा पडद्याचा नाही. कानात कोमट तेल घालून काही होणार नव्हतं.

स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, थ, फ वरच्या. म्हणून मुलाचा जाड आवाज पोहोचतो, नातीचा नाही; ‘सात’ की ‘साठ’ याचा घोळ होतो. ओरडल्याने स्वरच मोठे होतात, व्यंजनं स्पष्ट होत नाहीत. शिवाय अशा कानाला जरा मोठा आवाज एकदम असह्य होतो. अण्णांची चिडचिड खरी होती.

घरच्यांना सांगितलं : टीव्ही बंद करा, तीन-चार फुटांवर समोर या, तोंडावर उजेड असू द्या, सावकाश बोला. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला.

दोन्ही कानांना श्रवणयंत्रं दिली. पहिला आठवडा रोज दोनेक तास, घरात, एकाच माणसाशी बोलताना. बाजार आणि लग्नाचा मांडव शेवटी. बरेच जण नेमके मांडवात पहिल्यांदा लावतात आणि वैतागून कपाटात टाकतात. यंत्रातून शिट्टी वाजली तर बहुधा त्याचा कानात बसणारा साचा नीट बसलेला नसतो. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या) डबीत ठेवावं.

कामावर फोमचे इअरप्लग : बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते तोंडाशी अडकवले तर गोंगाट आत येतच राहतो.