कंपनी दोन वर्षांसाठी पुण्याहून जर्मनीला पाठवते आहे, बायकोही सोबत येणार. रुळायला आधी काय करावं?

आधी राहत्या पत्त्याची नोंदणी करा आणि बायकोला ए१, ए२ (म्हणजे अगदी सुरुवातीच्या) पातळीच्या जर्मनच्या वर्गात घाला, ऑफिसचं आपोआप जमतं. पुण्यातून तिकडे जाणाऱ्यांची कागदपत्रं मी लावून देतो, त्यावरून सांगतो. नोंदणीला तिकडे 'आनमेल्डुंग' म्हणतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि तिला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. तात्पुरतं घर घेतानाच ते पत्र मिळेल ना, हे विचारून ठेवा, कारण नेमकं तिथेच अडतं. करक्रमांक त्यानंतर पोस्टाने येतो, म्हणून लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव हवंच (हसू नका, पत्रं खरंच परत जातात).

निघण्याआधी एचआरकडून पीएफ कार्यालयाचं 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' (तुमची वर्गणी भारतातच भरली जाते याचा दाखला) काढून घ्या. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे ४८ महिन्यांपर्यंत तिकडची पेन्शन वर्गणी कापली जात नाही. आरोग्यविमा मात्र त्यात येत नाही, तो वेगळा बघावा लागतो.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच किराणा भरा. मीटिंगमध्ये कुणी तोंडावर चूक दाखवली तर मनावर घेऊ नका, तिथे ती रीतच आहे. खरा त्रास दिवसभर घरात एकट्या बसणाऱ्या माणसाला होतो, त्यातून नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार. कंटाळून लवकर परतलेली जी जोडपी मी पाहिली, त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच होतं.

एक मात्र आहे: पेन्शनची सूट भारतातल्या नोकरीवरच राहून पाठवलेल्यांना मिळते. थेट जर्मन कंपनीशी करार असेल तर नाही.