शाळेवर सौर यंत्रणा: २ किलोवॉट पॅनेल पुरतील का?

तुमचा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा गट वीज न पोचलेल्या गावातल्या शाळेवर सौर यंत्रणा बसवणार आहे, २ किलोवॉटची पॅनेल देणगीत मिळताहेत आणि ती पुरतील का असं विचारलंय. पॅनेल बहुधा उरतील. मला काळजी आहे ती बॅटरीची, आणि तुमची बॅच पास होऊन पांगल्यावर तिच्याकडे कोण बघणार याची.

आधी लोड काढा, म्हणजे कोणती उपकरणं रोज किती वीज घेतात ते. समजा २० वॉटच्या ८ एलईडी ट्यूब रोज ४ तास, म्हणजे ६४० वॉट-तास. ५० वॉटचे ५ लॅपटॉप ३ तास, ७५०. ६ पंखे ६ तास चालले तर ७५ वॉटच्या साध्या पंख्यांना २,७०० लागतात, ३० वॉटच्या बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरच्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्यांना १,०८०. नुसते पंखे बदलून रोजची गरज ४,०९० वरून २,४७० वर येते. साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरलं आणि ३० टक्के घट सोडली तर त्याला ८०० वॉटची पॅनेल पुरतात. हिशोब मात्र सगळ्यात ढगाळ महिन्याचं ऊन धरून करा.

शाळा दिवसा भरते, त्यामुळे बरीचशी वीज थेट उन्हातूनच वापरली जाते. बॅटरी लागते ती संध्याकाळच्या अभ्यासिकेला आणि ढगाळ दिवसांना. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये. लिथियम आयर्न फॉस्फेट ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण सुरुवातीला महाग पडते. लेड-अॅसिड अर्धवट चार्ज अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता जाते. लांब सुटीत हेच होतं: कोणीतरी मेन स्विच बंद करून जातं, पॅनेलवर धूळ साचते, डिस्टिल्ड वॉटर आटून प्लेट उघड्या पडतात.

बॅटरी खराब होण्याचा दुसरा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिलाय. गावात मोबाइल चार्ज करायला दुसरी सोय नसते, मग कोणीतरी चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग आणि वापर सांभाळणारं उपकरण) वगळून थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून वायर ओढतं. बॅटरी उतरल्यावर लोड तोडणं हे कंट्रोलरचं काम, तेच टाळलं गेल्यामुळे ती रोज तळाला जाते आणि काही महिन्यांत संपते. गावकऱ्यांना दोष देऊ नका, गरज खरी आहे. पहिल्या दिवसापासून कंट्रोलरच्या लोड बाजूला चार्जिंग पॉइंट द्या, थोडं शुल्क ठेवा आणि ते पैसे नव्या बॅटरीसाठी वेगळे जमा होऊ द्या. ही रक्कम कोणाच्या ताब्यात राहील हे गावाच्या बैठकीत, तुमच्यासमोर ठरलं पाहिजे.

पॅनेलना किमान १० अंश उतार द्या, म्हणजे पावसाने धूळ वाहून जाते. जागा ठरवण्याआधी सकाळी ९ आणि दुपारी ३ वाजता छतावर उभे राहून सावली बघा. एका फांदीची सावलीसुद्धा अख्ख्या ओळीचं उत्पादन पाडते.

देखभालीला एक शिक्षक पुरत नाही, त्याची बदली होते. जोडीला गावातली एक व्यक्ती घ्या आणि वरच्या वर्गातल्या मुलांना रोजचं व्होल्टेज वहीत नोंदवायला लावा. मुलांना हे काम मनापासून आवडतं, आणि आकडा घसरू लागला की बिघाड वेळेत कळतो. फ्यूज असो की कंट्रोलर, जवळच्या बाजारगावात मिळत नाही ती वस्तू लावूच नका.

वर्गखोल्या किती, संध्याकाळी दिवे किती तास लागतात आणि सलग किती दिवस ढगाळ असतात एवढं कळवा, बॅटरीचा आकार काढून देतो.