वाचक विचारतात : इलेक्ट्रिकल आणि मॅनेजमेंट एकाच डिग्रीत

सीईटीचे निकाल लागले की दरवर्षी या पानावर ब्रँचचे प्रश्न येतात, यंदा मात्र बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडाने विचारलीय, की इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मॅनेजमेंट एकत्र शिकता येतं का आणि शिकावं का. त्यातली चार पत्रं घेतेय.

प्रश्न : मॅडम, मुलीला एमएचटी-सीईटीत बरे मार्क आहेत. एका खासगी युनिव्हर्सिटीत पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स आहे, इंजिनिअरिंग प्लस एमबीए. फी भरपूर आहे. दुसरीकडे कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, सरकारी कॉलेजला साधं इलेक्ट्रिकल मिळू शकतं. ती म्हणते एकाच फटक्यात दोन्ही होईल. आम्ही काय करावं? — एक वडील, सातारा

उत्तर : दादा, आधी सरळ सांगते, सरकारी कॉलेजचं इलेक्ट्रिकल मिळत असेल तर माझा कौल तिकडे. मॅनेजमेंटला कमी लेखते म्हणून नाही, उलट मला ते फार गरजेचं वाटतं, पण पाच वर्षांत दोन डिग्र्या बसवताना कात्री कुठे लागते ते बघा. बऱ्याचदा ती मशीन्स लॅबला लागते, प्रोटेक्शनला, म्हणजे बिघाड झाल्यावर यंत्रणा वाचवण्याच्या विषयाला लागते, पॉवर सिस्टिमच्या दुसऱ्या पेपरला लागते. अकाउंट्स पुढे नोकरी करताना संध्याकाळी बसून शिकता येतं, पण सिंक्रोनस मशीन समोर ठेवून सिंक्रोनाइज करायला पुन्हा कोण देणार, ती संधी कॉलेजातच.

तरी इंटिग्रेटेडचा विचार करायचाच असेल तर प्रवेशाआधी कॉलेजकडून काही गोष्टी लेखी घ्या, तोंडी नको. सर्टिफिकेटवर ब्रँचचं नाव नेमकं काय छापून येणार हे सगळ्यात आधी विचारा, कारण महावितरण, महापारेषण, महानिर्मितीच्या भरतीत इलेक्ट्रिकलची डिग्री असं स्पष्ट मागतात आणि नाव थोडं जरी वेगळं असलं की कागदपत्र तपासणीत मुलं अडकतात. मग चार वर्षांनी बीटेक घेऊन बाहेर पडायची सोय आहे का, आणि तसं पडलं तर फीचं काय. आणि शेवटच्या वर्षीच्या मुलांना नोकऱ्या कुठल्या लागल्या, इलेक्ट्रिकलच्या की नुसत्या सेल्सच्या, हे कॉलेजच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका, तिथल्या दोन-तीन मुलांना गाठून विचारा.

आता मॅनेजमेंट का हवं तेही सांगते, म्हणजे मुलीला वाटायला नको की मॅडमनी नुसतं मोडता घातला. समजा एका कारखान्याला ट्रान्सफॉर्मर घ्यायचाय. दोन कोटेशन आलीत, दुसरा पहिल्यापेक्षा ७० हजारांनी महाग, पण त्याचा आयर्न लॉस १०० वॅटने कमी. आयर्न लॉस म्हणजे लोड असो नसो, ट्रान्सफॉर्मर चालू आहे तोवर चोवीस तास होणारा लॉस. वर्षाचे तास ८७६०, म्हणजे १०० वॅटचे वर्षाला ८७६ युनिट, युनिट ८ रुपये धरलं तर ७००८ रुपये वाचतात. ट्रान्सफॉर्मर २५ वर्षं चालेल असं धरून इंजिनिअर गुणाकार करतो, पावणेदोन लाख वाचले, महागडाच घ्या. पण पंचवीस वर्षांनी वाचणारे सात हजार आणि आज हातात असलेले सात हजार एक नसतात. पैशावर १० टक्के व्याज धरून ती सगळी बचत आजच्या किमतीत आणली तर ती साधारण ६३ हजार ६०० भरते, म्हणजे ७० हजार जादा देणं परवडत नाही! आणि इथेही थांबायचं नाही, कारण विजेचा दर पंचवीस वर्षं ८ रुपयांवर थोडाच राहणार, तो वाढत गेला तर उत्तर पुन्हा फिरतं. शिवाय कॉपर लॉस, म्हणजे वाइंडिंगमधून करंट वाहताना होणारा लॉस, लोडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे कारखाना एक शिफ्ट चालतो की तीन यावरही सगळं अवलंबून. हा हिशोब नुसत्या एमबीएवाल्याला जमत नाही कारण त्याला आयर्न आणि कॉपरमधला फरक माहीत नसतो, नुसत्या इंजिनिअरला जमत नाही कारण त्याला व्याज दिसत नाही. तुमच्या मुलीला दोन्ही यावं असं मला मनापासून वाटतं, फक्त पाया इलेक्ट्रिकलचा पक्का झाल्यावर.

सरकारी कॉलेजातही आता वाट आहे. एनईपीनंतरच्या, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या अभ्यासक्रमात मल्टिडिसिप्लिनरी मायनर, म्हणजे दुसऱ्या शाखेच्या विषयांचा जोडगट, आलंय, मुलं त्याला एमडीएम म्हणतात, कॉलेजात मॅनेजमेंट किंवा फायनान्सचा गट असेल तर तिने तो घ्यावा. पैसे वाचतील ते पुढच्या एमबीएला ठेवा.

प्रश्न : मी नागपूरला इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅनेजमेंट मायनर घेतलंय पण सगळं पीपीटी आणि लीडरशिपच्या व्याख्या. याचा माझ्या ब्रँचशी काय संबंध? सोडून देऊ का?

उत्तर : सोडू नकोस, पण त्या व्याख्यांवर थांबूही नकोस. तुझ्या ब्रँचमध्ये अर्थशास्त्र आधीच लपलेलं आहे, तुला अजून कोणी दाखवलं नाही एवढंच. पुढे पॉवर सिस्टिममध्ये इकॉनॉमिक लोड डिस्पॅच नावाचा चॅप्टर येईल. तीन जनरेटर आहेत, लोड ठरलेला, कोणाकडून किती घ्यायचं? लॉसेस बाजूला ठेवले आणि कुठलाही जनरेटर त्याच्या कमाल-किमान मर्यादेला टेकलेला नसला तर उत्तर असं की तिघांचा पुढच्या एका युनिटचा खर्च सारखा होईल तिथे थांबायचं, गणितातला लॅग्रांज मल्टिप्लायर, म्हणजे लॅम्डा, लावून निघतं ते. मुलं तो लॅम्डा परीक्षेपुरता पाठ करतात. तो लॅम्डा रुपयांत असतो रे! बाजारात ज्याला मार्जिनल कॉस्ट म्हणतात तेच आहे ते.

आणि हे नुसतं पुस्तकात नाही. आपल्याकडे २००३ चा वीज कायदा आला, त्यानंतर २००५ मध्ये जुन्या एमएसईबीची, म्हणजे राज्य वीज मंडळाची, विभागणी होऊन निर्मिती, पारेषण, वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या, २००८ पासून इंडियन एनर्जी एक्सचेंजवर विजेची खरेदी-विक्री चालते. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात आणि डे-अहेड बाजारात उद्यासाठी प्रत्येक ब्लॉकचा वेगळा भाव आज ठरतो. दुपारी सोलार भरपूर असतं तेव्हा भाव पडतो, सूर्य मावळला आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी लागले की चढतो, कमाल मर्यादा युनिटला १० रुपये. आता वितरण कंपनीत बसलेल्या माणसाचं काम बघ, उद्या संध्याकाळी सातच्या ब्लॉकला किती मेगावॅट लागतील याचा अंदाज आज करायचा, विदर्भात पाऊस आला तर शेतीपंपांचा लोड एकदम बसतो, क्रिकेटची मॅच असली की वेगळंच, आणि अंदाज चुकून ठरवल्यापेक्षा जास्त-कमी ओढलं तर डेव्हिएशनचे पैसे मोजावे लागतात. यात लोड फ्लो, म्हणजे कुठल्या लाइनमधून किती वीज वाहते त्याचं गणित, पण आहे, स्टॅटिस्टिक्स पण आहे, फायनान्स पण आहे. मला विचारशील तर आपल्या देशात आत्ता इलेक्ट्रिकलमधलं यापेक्षा रंगतदार काम फार थोडं आहे.

मायनरच्या प्रोजेक्टला हाच विषय घे. एक्सचेंजच्या साइटवर रोजचे ब्लॉकवार भाव सगळ्यांना बघायला मिळतात, महिनाभराचे एक्सेलमध्ये उतरव, आणि समजा १ मेगावॅटची बॅटरी दोन तासांची आहे तर ती कधी चार्ज आणि कधी डिस्चार्ज केली तर किती कमाई होईल ते काढ. बॅटरीत वीज घालून परत काढताना थोडी वाया जाते ती धरायला विसरू नको. किंवा घराजवळच्या एखाद्या वर्कशॉपचं वर्षभराचं बिल माग, त्यात डिमांड चार्ज, पॉवर फॅक्टर, टाइम ऑफ डे म्हणजे वेळेनुसार बदलणारा दर, सगळं वेगवेगळं दिसतं, ते कमी कसं होईल ते मालकाला समजेल अशा मराठीत दोन पानांत लिही. सरांना लीडरशिप हवीच असेल तर मालकाला पटवून दाखव, तीच.

प्रश्न : जर्मनीत असा एकत्र कोर्स असतो असं ऐकलं. बारावीनंतर जाऊ की बीटेकनंतर? — विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : असतो, आणि तिथे तो जुना आणि मानाचा आहे. नाव विर्टशाफ्ट्सइंजेनिअरवेझन, जीभ वळायला वेळ लागतो. बर्लिनला १९२० च्या दशकात याची सुरुवात झाली. आज डार्मश्टाटला तो इलेक्ट्रिकलच्या जोडीने करता येतो, आखेनला इलेक्ट्रिकल एनर्जीच्या जोडीने, ब्राउनश्वाइगलाही आहे. डार्मश्टाटचा मला विशेष जिव्हाळा, कारण इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं जगातलं पहिलं अध्यासन तिथे १८८२ मध्ये सुरू झालं, एरास्मुस किटलर प्राध्यापक होते, आणि थ्री फेज मोटर घडवणारा डोलिवो-डोब्रोव्होल्स्की तिथलाच विद्यार्थी.

चांगलं काय, तर तिथे मॅनेजमेंट वरून चिकटवलेलं नसतं, पहिल्या सेमिस्टरपासून गणित, इलेक्ट्रिकल आणि अकाउंटिंग बरोबरीने चालतं. कठीण काय, तर बॅचलरला शिक्षण बहुतेक जर्मनमधून, म्हणजे सी-१ च्या, अस्खलित बोलण्या-लिहिण्याच्या पातळीच्या, आसपास भाषा लागते. शिवाय आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही, एक तर जेईई अॅडव्हान्स्ड पास हवी, नाहीतर इथे इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष पूर्ण, नाहीतर तिथे स्टुडिएनकोलेगचं, म्हणजे परदेशी मुलांच्या पूर्वतयारी कोर्सचं, एक वर्ष. बीटेकनंतर मास्टर्सला जायचं म्हटलं तर वेगळीच अडचण येते आणि ती एजंट लोक सांगत नाहीत, या कोर्सच्या मास्टर्सला बऱ्याच युनिव्हर्सिट्या बॅचलरमध्येच अर्थशास्त्र आणि मॅनेजमेंटचे ठराविक क्रेडिट मागतात. निव्वळ इलेक्ट्रिकलच्या मार्कशीटवर ते नसतात आणि अर्ज तिथेच बाद होतो. म्हणून मास्टर्सला जायचा विचार असेल तर इथे शिकताना मायनर घेच, तिथल्या अटींचं पान उघडून विषय जुळव, आणि सिलॅबसची सही-शिक्क्याची प्रत जपून ठेव.

पैशांचं थोडक्यात. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची वर्गणी असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी सुरू केलीय. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठराविक रक्कमच काढता येते अशा खात्यात, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, सर्टिफिकेट आधी काढावं लागतं, त्याला वेळ लागतो. घरी हे सगळं आईबाबांसमोर कागदावर मांड आणि जर्मनचा क्लास आजच लाव, कारण पुढे जायचं रद्द झालं तरी पुण्यात जर्मन कंपन्या आहेतच, भाषा वाया जाणार नाही.

प्रश्न : मी वितरण कंपनीत ज्युनिअर इंजिनिअर आहे, जालना जिल्हा. डिप्लोमा करून मग डिग्री केली. वसुली, फॉल्ट, मोर्चे यातच दिवस जातो. आता मॅनेजमेंट शिकून उपयोग होईल का, की उशीर झाला?

उत्तर : भाऊ, या पानावरच्या सगळ्यांत मॅनेजमेंटची खरी तयारी तुमची झालीय. फीडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनवर, किती युनिट गेले, बिल कितीचं झालं, त्यातले पैसे किती आले, हे तुम्ही रोज पाहता, आणि वितरणाचा सगळा धंदा त्या तीन आकड्यांवर उभा आहे. नोकरी सोडून जाणं जमणार असेल तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या नॅशनल पॉवर ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचा फरिदाबादला पॉवर मॅनेजमेंटचा एमबीए आहे तो बघा, याच क्षेत्रासाठी बनवलेला आहे. जनरल एमबीए हवा असेल तर कॅट देऊन पवईला दोन ठिकाणी प्रयत्न करता येतो, आयआयटी मुंबईचं शैलेश मेहता स्कूल आणि पूर्वीचं नीटी, जे २०२३ पासून आयआयएम मुंबई झालं. फॉर्मच्या तारखा आणि अनुभवाच्या अटी त्यांच्या साइटवरच तपासा. घर सोडणं शक्य नसेल तर ऑनलाइन एमबीए घ्या, पण आधी त्या कोर्सला यूजीसीची मान्यता आहे का ते यादीत बघा. आणि अभ्यासाची रजा, प्रमोशनला ही डिग्री धरतात का, हे तुमच्या एचआरकडून फी भरण्याआधी लेखी घ्या. वीज नियामक आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश साइटवर फुकट मिळतात, तुमच्याच कंपनीचा ताजा आदेश काढून वाचायला लागा, पहिले काही दिवस जड जाईल, मग तुमच्या सबडिव्हिजनचे आकडे त्यात दिसायला लागतील. वाचताना अडलं तर पान नंबर घालून पुन्हा लिहा, उत्तर देईन.