पेशीपटल इतकं पातळ, तर ते फाटत कसं नाही? आणि काय आत घ्यायचं हे त्याला कळतं कसं?

प्रश्न अकरावीतल्या कुणाचा तरी दिसतोय. थोडक्यात असा: "पेशीपटल पातळ, नाजूक आणि निवडक्षम असतं हे पाठ केलं. पण एवढं नाजूक असेल तर फाटत कसं नाही? निवड करायची अक्कल त्याला कुठून येते? आणि वनस्पतींना पेशीभित्तिका असताना पटल हवंच कशाला?"

मी शिक्षक नाही. रक्तपेढीत २७ वर्षं तंत्रज्ञ होतो. त्यामुळे पेशी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तांबडी रक्तपेशीच येते, आणि उत्तरही तिच्यावरूनच देणार आहे. तशी ती सोयीचीही आहे. माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका नाहीत, पडद्याचं कुठलंच अंगक नाही. बाहेर एक पटल, आत हिमोग्लोबिन, संपलं. पटलाचा अभ्यास करायला एवढा बिनभेसळ माल दुसरीकडे मिळत नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षातली माझी एक फजिती सांगतो. क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला चालेल का याची तपासणी, करण्याआधी तांबड्या पेशी सलाईनमध्ये दोन-तीनदा धुवाव्या लागतात. शेल्फवर शेजारी शेजारी दोन सारख्याच बाटल्या होत्या, एक सलाईनची आणि एक डिस्टिल्ड वॉटरची. मी घाईत दुसरी उचलली. पाणी ओतलं आणि नळीतला गढूळ लाल द्रव डोळ्यांदेखत कोकम सरबतासारखा स्वच्छ झाला. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर तळाशी लाल गोळा बसायला हवा होता, तो बसेचना. आमचे वरिष्ठ ओरडले नाहीत. त्यांनी फक्त नळीमागे छापील कागद धरला आणि म्हणाले, "वाच." सगळी अक्षरं वाचता आली. पेशी शाबूत असत्या तर एक अक्षर दिसलं नसतं, कारण द्रव गढूळ दिसतो तो त्यात तरंगणाऱ्या अखंड पेशींमुळे. त्या फुटल्या, हिमोग्लोबिन पाण्यात विरघळलं आणि द्रव पारदर्शक झाला.

तेव्हा पहिली गोष्ट, पटल फाटतं. साध्या पाण्यात तर क्षणात फाटतं. पेशीच्या आत क्षार आणि प्रथिनं, बाहेर काहीच नाही, म्हणून परासरणाने, म्हणजे पटलातून दाट बाजूकडे जाण्याच्या पाण्याच्या ओढीने, पाणी आत घुसतं आणि पेशी फुगून फुटते. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात दोन्हीकडचा तोल सांभाळला जातो. सलाईनच्या बाटलीवरचा आकडा तिथूनच आलेला आहे.

पण खरी गंमत यापुढे आहे. पेशींचा चिवटपणा मोजायची एक जुनी चाचणी असते. ०.९ पासून ०.१ टक्क्यापर्यंत उतरत्या खारटपणाच्या नळ्या मांडायच्या आणि प्रत्येकीत रक्ताचा थेंब सोडायचा. निरोगी माणसाच्या पेशींना ०.६ पर्यंत काहीही होत नाही. ०.४५ च्या आसपास फुटायला सुरुवात होते आणि ०.३ च्या खाली बहुतेक सगळ्या गेलेल्या असतात. खारटपणा अर्ध्यावर येईपर्यंत पेशी तग धरते याचं श्रेय पटलाच्या ताणले जाण्याला देऊ नका. ते जेमतेम ३-४ टक्के ताणलं जातं, त्यापुढे तुटतं. श्रेय आकाराचं. तांबडी पेशी दोन्हीकडून दबलेल्या चकतीसारखी असते, म्हणजे आतल्या मालाच्या मानाने पिशवी ऐसपैस, अर्धवट भरलेल्या पोत्यासारखी. पाणी शिरलं की ती आधी चेंडूसारखी गोल होते. जागा पुरती संपली की मगच फुटते. काही माणसांच्या पेशी जन्मजात गोलसर असतात. त्यांच्याकडे हे ढिलं कापड नसतं आणि त्या नळ्यांच्या रांगेत कितीतरी आधी फुटतात. याच ढिलेपणामुळे ७-८ मायक्रॉनची पेशी त्याहून अरुंद केशवाहिन्यांतून अंग चोरून निघते. मिनिटाला साधारण एक फेरी धरली, तर १२० दिवसांच्या आयुष्यात दीड लाखाहून जास्त फेऱ्या होतात.

आता फुटलेल्या पेशींचं पुढे काय होतं? पटलाच्या चिंध्या होतात असं मलाही वाटायचं. होत नाहीत. हिमोग्लोबिन निघून गेलं की रिकामी पिशवी तशीच उरते. खूप जोरात फिरवलं तर तळाशी तिचा फिकट, जवळजवळ पांढरा थर बसतो. योग्य खारटपणा आणि शरीराइतकं तापमान परत दिलं की पटलाला पडलेलं भोक आपोआप मिटतं. या रिकाम्या पेशींना संशोधक घोस्ट म्हणतात, भुतं! टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बारीक सुईने अंडपेशी टोचून शुक्राणू आत सोडतात. सुई काढली की पटल मागच्या मागे मिटतं, टाका कुणी घालत नाही.

कसं मिटतं? यासाठी पटल कशाचं आहे ते बघावं लागेल. फॉस्फोलिपिड या मेदाचा एक रेणू घ्या. त्याचं डोकं पाण्याशी जमवून घेणारं आणि दोन शेपट्या तेलाच्या. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, तेलकट शेपट्यांना ते मधे घेत नाहीत. मग असे लाखो रेणू शेपट्या आत लपवून, डोकी दोन्ही बाजूंनी पाण्याकडे करून दोन थरांत उभे राहतात. शेजारच्या दोन रेणूंमध्ये शिवण नाही, पक्का रासायनिक बंध नाही. त्यांना एकत्र ठेवण्याचं काम मुख्यतः भोवतालचं पाणीच करतं. भोक पडलं की कडेच्या शेपट्या पाण्यात उघड्या पडतात, पाणी त्यांना खपवून घेत नाही, आणि कडा पुन्हा जवळ येतात. याच कारणाने पटलाला मोकळं टोक कधी नसतं. चादरीसारखं पसरलेलं पटल तुम्हाला दिसणार नाही, ते पिशवीच होतं. जाडी ७-८ नॅनोमीटर. अशी सुमारे १०,००० पटलं एकावर एक रचली तर वर्तमानपत्राच्या कागदाएवढी जाडी होईल.

थर दोन आहेत हे कळलं तेही तांबड्या पेशींवरूनच. १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनला गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी माणसाच्या, कुत्र्याच्या, शेळीच्या अशा वेगवेगळ्या रक्तांतल्या पेशींमधला मेद ॲसिटोनने काढला, पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा पसरला आणि त्याचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन. पुढे लक्षात आलं की त्यांच्या दोन चुका झाल्या होत्या. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता, आणि वाळलेल्या पेशींवरून मोजल्यामुळे पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना सावरलं आणि उत्तर बरोबर आलं! आमच्या लॅबमध्ये असं नशीब कधी कुणाचं फळफळलं नाही. बाय द वे, पाण्यावर तेलकट थर पसरून मोजायच्या तंत्राची सुरुवात आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईने घरच्या स्वयंपाकघरात केली होती. तिचं त्यावरचं पत्र १८९१ साली 'नेचर'मध्ये छापून आलं.

हा दुहेरी थर प्रवाही असतो. थंडीत खोबरेल तेल थिजतं आणि शेंगदाण्याचं थिजत नाही, कारण खोबरेलातल्या शेपट्या बहुतांशी सरळ, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या. दुसऱ्या तेलातल्या वाकड्या, त्यांना नीट रचून बसता येत नाही. पटलात दोन्ही प्रकार असतात, म्हणून ते ना थिजतं ना सांडतं. कोलेस्टेरॉल उगाच बदनाम आहे. तांबड्या पेशीच्या पटलात त्याचे रेणू जवळपास फॉस्फोलिपिडच्या बरोबरीने असतात, उष्णतेत पटलाला ढिलं पडू देत नाहीत आणि थंडीत गच्च होऊ देत नाहीत. १९७० मध्ये फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकमेकींत मिसळून एक केली. दोघींची प्रथिनं वेगवेगळ्या रंगांनी खुणावली होती. ४० मिनिटांत रंग सगळीकडे मिसळून गेले. दोन वर्षांनी सिंगर आणि निकल्सन यांनी तुमच्या पुस्तकातली ती प्रसिद्ध प्रतिकृती मांडली, मेदाच्या तळ्यात तरंगणारी प्रथिनं. मात्र सगळीच प्रथिनं मोकाट फिरतात असं समजू नका. तांबड्या पेशीत पटलाच्या आतल्या बाजूने स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते आणि बरीच प्रथिनं तिला बांधलेली असतात. गोल पेशींचा तो जन्मजात आजार याच बांधणीतल्या दोषामुळे होतो.

आता अक्कल. मेदाच्या थराला अक्कल नाही, त्याला फक्त नावड आहे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सहज पार होतात. साखर, सोडियम, पोटॅशियम अडतात, कारण पाण्याची संगत सोडून तेलात शिरणं त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं लागतात, आणि दाराची अक्कल म्हणजे त्याचं माप. पोटॅशियमच्या दारातून पोटॅशियम जातं, पण त्याहून लहान सोडियम अडतं! मॅकिनन यांनी १९९८ मध्ये अशा दाराची रचना उलगडली तेव्हा कोडं सुटलं. आत ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेले आहेत की पोटॅशियमला भोवतीच्या पाण्याच्या रेणूंचं पांघरूण सोडल्यावर तसंच दुसरं मिळतं. सोडियम लहान पडतं, त्याला चारी बाजूंनी आधार मिळत नाही, मग ते आपलं पांघरूण सोडत नाही आणि आतही जात नाही.

पाण्याच्या दाराचा शोध तर आमच्या खात्यातला म्हणायला हरकत नाही. बाल्टिमोरमध्ये पीटर ॲग्रे तांबड्या पेशींवरच्या आरएच प्रथिनाच्या (रक्तगट पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते ठरवणाऱ्या) मागे होते, त्यात भलतंच एक प्रथिन पुन्हा पुन्हा हाती लागायचं. ते बेडकाच्या अंड्यात तयार करवून अंडी साध्या पाण्यात टाकली, तर ती फुगून फुटली. ते प्रथिन नसलेली अंडी जशीच्या तशी. हे १९९२ मधलं. अशा एका दारातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ॲग्रे आणि मॅकिनन यांना विभागून मिळालं.

दाराखेरीज पंपही असतात. सोडियम-पोटॅशियम पंप दर खेपेला ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. हे पुस्तकात असेलच. पुस्तकात नसलेलं सांगतो. रक्ताची पिशवी २ ते ६ अंशांवर ठेवतात आणि त्या गारठ्यात हा पंप जवळजवळ बंद पडतो. मग पेशींतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल तर डॉक्टर ताजी पिशवी मागतात, त्यामागे हेही एक कारण. आणि पिशवी थेट बर्फावर ठेवून नेणाऱ्या नातेवाइकांवर आम्ही खेकसायचो ते याच्याही पुढच्या भीतीने. रक्त गोठलं तर पेशी फुटतात आणि ती पिशवी फेकूनच द्यावी लागते.

पटलाचं आणखी एक काम म्हणजे ओळखपत्र. बाहेरच्या बाजूला साखरेच्या छोट्या साखळ्या लोंबत असतात आणि ए, बी रक्तगट हा त्यांच्या शेवटच्या साखरेचा फरक. साखळीला आधी फ्यूकोज नावाची साखर जोडली जाते, तिला एच म्हणतात. त्यावर ए किंवा बीची साखर चढते. काहीच चढली नाही तर गट ओ. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं ज्यात हा एचच नव्हता. तोच बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण क्रॉसमॅचला ओच्या प्रत्येक पिशवीशी गुठळ्या होतात, कारण ओमध्ये एच आहे आणि या माणसाच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं आहेत. माझ्या नोकरीत मी तो दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा आधी वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं, पुन्हा बाटली बदलली की काय! एका साखरेवाचून माणसाला जवळजवळ कुणाचंच रक्त चालत नाही.

राहिली पेशीभित्तिका, म्हणजे वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर असलेली भिंत. ती भक्कम असते पण निवड करत नाही, पाणी आणि क्षार तिच्यातून आरपार जातात. निवड पटलाचीच. भिंत फक्त फुगण्याला आवर घालते, म्हणून पावसात भिजलेलं झाड माझ्या नळीतल्या पेशींसारखं फुटत नाही. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचा खालचा जांभळा पापुद्रा काढा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर मिठाचं दाट पाणी सोडा. भिंत जागेवर राहील, जांभळा गोळा पटलासकट आक्रसून मधे सरकेल. मग मीठ धुऊन साधं पाणी घाला, पटल हळूहळू परत भिंतीला टेकेल. फक्त मिठात फार वेळ ठेवू नका, पेशी मेली तर जांभळा रंग बाहेर पसरेल आणि टेकायला काही उरणार नाही.