कबुलीची वाट पाहू नकोस

पुणे

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

परवा तू गेलीस तेव्हा तुझा चहा तसाच राहिला होता, वर साय धरून. तासाभरात तुझा फोन तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा तू तो पालथा घातलास. कोणाचा, ते मी विचारलं नाही. जिना उतरताना तू म्हणालीस, "काका, त्यांनी एकदा म्हणावं, चुकलं माझं. एकदाच. मग मी सगळं सोडून देईन." मी गप्प राहिलो. हेच वाक्य, याच शब्दांत, मी एकोणीस वर्षं म्हणत होतो. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र.

तू नऊ वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. आता सतरा वर्षांनी त्यांचे फोन येतात. आई म्हणते, "शेवटी बाप आहे." मैत्रिणी म्हणतात, "ब्लॉक कर." मला दोन्ही पटत नाही. बाप आहे म्हणून माफ कर, असं म्हणणं ही नात्याची वसुली झाली. आणि नंबर बंद केल्याने डोक्यातलं भांडण बंद होत नाही. अंघोळीला गेलीस तरी त्यांच्याशी वाद घालत असतेस, हे तूच मला सांगितलंस. क्षमा थोर आहे वगैरे तुला सांगायची गरज नाही. माझ्याबरोबर दोनदा आळंदीला आली आहेस, कळतं तुला. मला एवढंच सांगायचं आहे: कबुलीची वाट पाहू नकोस.

तू सीएची आर्टिकलशिप करतेस, तर तुझ्याच भाषेत सांगतो. मार्केट यार्डातल्या भुसार गाळ्यावर मी बत्तीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं, बाहेरगावचं. सत्तावीस हजारांचा माल उधारीवर उचलला आणि दिसेनासं झालं. दर दिवाळीला नव्या वह्या आल्या की त्याचं नाव मी 'मागील बाकी' म्हणून पुढच्या वहीत ओढत असे. अशी पाच वर्षं गेली. 1988 च्या वहीपूजनाच्या आदल्या दिवशी शेठजी म्हणाले, "हे नाव बुडीत खाती टाका." मला राग आला. म्हटलं, "शेठ, म्हणजे तो सुटलाच की." ते म्हणाले, "तो केव्हाच सुटलाय. खोटी आपली वही आहे. नसलेला पैसा आहे म्हणून दाखवतेय."

हे नीट वाच. बुडीत खाती टाकलं म्हणजे कर्ज घेतलंच नव्हतं, असं होत नाही. त्याने फसवलं हे खरंच राहतं, उलट तेव्हाच ते पहिल्यांदा सरळ लिहिलं जातं. आपण फक्त येणं धरून बसायचं थांबतो. आणि त्यासाठी ऋणकोची सही लागत नाही. कुठल्याही हिशोबात लागत नाही. तुझ्या वडिलांची सही तू कशाला मागतेस?

पुढचं ऐक. दोन वर्षांनी तोच माणूस गाळ्यावर आला. शेठजींनी त्याला गादीवर बसवलं, चहा पाजला, मुलांची चौकशी केली. त्याने माल मागितला. शेठ म्हणाले, "घेऊन जा की. रोखीने." तो थोडा कसनुसा झाला, पण पैसे मोजून माल घेऊन गेला. शेठजींच्या आवाजात कुठेही कडवटपणा नव्हता आणि उधारीही नव्हती. तू विचारलंस ना, "माफ केलं तर पुन्हा विश्वास ठेवावा लागेल का?" नाही, बाळा. ती दोन वेगळी खाती आहेत. क्षमा तू एकटी करू शकतेस, आज, या क्षणी. विश्वास त्यांनी रोखीने मिळवायचा, रोजच्या रोज. लोक ही खाती एकत्र करतात म्हणून क्षमेला घाबरतात.

आमचे शेठजी जैन. पर्युषण संपताना संवत्सरीच्या दिवशी ते हमालापासून माझ्यापर्यंत प्रत्येकासमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्', म्हणजे माझ्या चुकांची क्षमा असो, असं म्हणायचे. मला अवघडल्यासारखं व्हायचं. पुढे त्यांनी मला त्यांची प्रार्थना सांगितली: "खामेमि सव्वजीवे, सव्वे जीवा खमंतु मे." सर्व जीवांना मी क्षमा करतो, सर्व जीव मला क्षमा करोत. क्रम बघ. आधी आपण करायची, मग मागायची. समोरच्याने मागितली की करीन, असं त्यात कुठेच नाही.

एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं?

1994 साली आमचा पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला. दोघा भावांना दोन फ्लॅट मिळायचे होते. कागद दादाने केले. मी न वाचता सह्या केल्या, कारण दादा होता. दुसऱ्यांच्या वहीतली पै न् पै तपासणारा माणूस मी. दोन्ही फ्लॅट त्याच्या नावावर झाले. विचारलं तर म्हणाला, "तुला नोकरी आहे, माझं दुकान बसलंय." मी कोर्टात गेलो नाही. ते बरोबरच केलं, आजही म्हणतो. आईच्या डोळ्यांदेखत भावावर दावा लावायचा नव्हता. सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं की चूक कोणाची. मी कधी एक शब्द वावगा बोललो नाही, त्याच्या मुलीच्या लग्नात आहेरसुद्धा पाठवला...

बघ, अजून हात त्याच वहीकडे जातो. लिहिलेलं खोडत नाही, राहू दे. तुला कळेल की हे काम एकदा करून संपत नाही.

दर वर्षी माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते, तेव्हा मी दर्शनाच्या रांगेत असायचो. दादा तिथेच वारकऱ्यांना पाणी वाटायचा. तो दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडे व्हायचो. डोळ्यांपुढे माउलींच्या पादुका आणि मनात एकच, की याने आधी म्हणावं. 2013 मध्ये तो गेला. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीचं दार बंद झालं आणि मला रडू येण्याऐवजी राग आला. आता म्हणणार कोण? देणेकरी गेला आणि माझं येणं जसंच्या तसं.

पण खरं नुकसान दुसरंच होतं. त्या एकोणीस वर्षांत माझा कोणावर विश्वास उरला नव्हता. सुटे पैसे दोनदा मोजायचो. शेजाऱ्याने किल्ली मागितली तर कारण विचारायचो. मुलाला स्कूटरसाठी पैसे हवे होते, चाळीस हजार. मी दिले, पण त्याच्याकडून कागद करून घेतला, तारीख घालून, सहीसकट. माझ्याच मुलाकडून! तो तेव्हा काही बोलला नाही. आज तो माझ्यासाठी औषधं आणतो आणि बिल न चुकता टेबलावर ठेवतो. नको म्हटलं तरी ठेवतो. दादाकडचं येणं मी त्याच्याकडून वसूल केलं. तुझ्या बाबतीत हीच भीती मला वाटते. तुझ्या आयुष्यात एक चांगला मुलगा आहे, असं तू ओझरतं म्हणालीस, आणि लगेच म्हणालीस, "पण तोही जाईलच." ऐकून मला तुझा राग आला. तो का जाईल? त्याने तुझं काय बुडवलंय?

आळंदीला जाताना मी तुला ताटीच्या अभंगांविषयी सांगितलं होतं, पण घाईत. संन्याशाची पोरं म्हणून ज्यांना वाळीत टाकलं, ज्यांच्या आईवडिलांना प्रायश्चित्त म्हणून देह टाकावा लागला, त्या चार भावंडांतली मुक्ताई सगळ्यांत धाकटी. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीत शिरले आणि ताटी लावून बसले. ताटी म्हणजे कुडाचं साधं दार. मुक्ताई काय करत नाही ते बघ. बोलणाऱ्याला शोधायला ती गावात जात नाही, त्याला धरून आणून माफी मागायला लावत नाही. अपमान तिचाही झालेला होता. ती बंद दाराशी बसते आणि आतल्याला म्हणते, "ताटी उघडा ज्ञानेश्वरा." कडी आतून होती, तर बाहेरच्याकडे काय मागायचं? याच ज्ञानदेवांनी 1290 मध्ये नेवाशाला पसायदान मागितलं. त्यात खळांना शिक्षा व्हावी असं नाही, 'जे खळांची व्यंकटी सांडो' असं आहे. वाकडेपणा जावो. तो जाईपर्यंत मी थांबतो, असंही त्यात नाही.

दादा गेल्यानंतर मी रोज पूजेला बसलो की आधी त्याचं नाव घ्यायला लागलो. पहिले काही महिने घशात अडकायचं. "दादा, तुझ्याकडे माझं काही येणं नाही," एवढंच वाक्य. खोटं वाटायचं, तरी म्हणायचो. केव्हा खरं झालं ते कळलं नाही. एका सकाळी लक्षात आलं की त्याचा चेहरा आठवला आणि छातीत काही आवळलं नाही. वाड्याच्या अंगणात तो मला सायकल शिकवायचा ते आठवलं. इतकी वर्षं ती आठवणही मी त्या फ्लॅटबरोबर गमावून बसलो होतो. हे मी त्याच्या जिवंतपणी करू शकलो असतो. पालखीच्या रांगेतून चार पावलं चालून जाऊन त्याच्या हातून पाणी प्यायलो असतो. फ्लॅट मागायचा नव्हता, आणि फ्लॅट त्याचाच हेही म्हणायचं नव्हतं. नुसतं पाणी प्यायचं होतं.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि तू कंटाळलीस तरी सांगणार: कबुलीची वाट पाहू नकोस. ते कदाचित कधीच म्हणणार नाहीत. कदाचित म्हणतील, पण तुला हवं तसं म्हणणार नाहीत. "तुझ्या आईचाही स्वभाव..." असं काहीतरी लावतील. त्यांच्या जिभेवर तुझी सुटका का टांगून ठेवतेस?

फोन उचलायचा की नाही ते तुझं तू ठरव. उचललास तर कदाचित पैशांचा विषय निघेल. तेव्हा शांतपणे नाही म्हण. घरी येतो म्हणाले तर आईला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस, तिचं खातं वेगळं आहे आणि ते मिटवायचा अधिकार तुला नाही, मलाही नाही. भेटायचंच असेल तर बाहेर भेट, संभाजी बागेत, दिवसाउजेडी. मी सोबत येईन, लांबच्या बाकावर बसेन. आणि न उचलता राहिलीस तरी मी तुला कमी समजणार नाही, फक्त त्या वेळी मनात भांडू नकोस.

रविवारी ये. मुलगाही घरी असणार आहे. त्याने सही केलेला तो कागद माझ्या कपाटात अजून आहे. तू आलीस की तुझ्यासमोर त्याच्या हातात द्यायचा आहे, एकट्याने माझ्याच्याने होत नाही.

तुझे,
काका