सीएंनी ‘स्पेक्युलेटिव्ह’ लिहिलं, आता नोकरीचं काय?

प्रश्न : मी टपाल खात्यात कारकून आहे. मोबाईलवर इंट्राडे (एकाच दिवसात शेअर घेऊन विकणं) करताना २०२४-२५ मध्ये १ लाख ८४ हजार बुडाले. सीएंनी विवरणपत्रात ‘स्पेक्युलेटिव्ह बिझनेस लॉस’ दाखवला. मी सट्टेबाज ठरतो का? तोटा पगारातून वजा होईल का?

उत्तर : डिक्शनरीत या शब्दाचे दोन अर्थ मिळतील: अंदाजावर बेतलेला आणि जोखमीचा. प्राप्तिकर खात्याला दोन्हींशी देणंघेणं नाही. तुमच्या २०२४-२५ ला लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३(५) एवढंच बघतं, की डिलिव्हरी झाली का? सकाळी घेतलेले शेअर दुपारी विकले, डिमॅट खात्यात आलेच नाहीत, की व्यवहार स्पेक्युलेटिव्ह. मग तुम्ही रात्रभर ताळेबंद वाचून घेतलेले असोत की शेजाऱ्याच्या टिपवर. गंमत म्हणजे, ज्यात लोक घरदार घालवतात ते मान्यताप्राप्त बाजारातलं एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदे) या व्याख्येत बसतच नाही! तेव्हा सीएंचं बरोबर आहे, आणि याचा मटक्याशी संबंध नाही.

पगारातून मात्र एक रुपयाही वजा होणार नाही. हा तोटा फक्त स्पेक्युलेटिव्ह नफ्यातूनच वळता होतो. विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तर पुढची चार वर्षं तो असा वळता करता येतो.

खरी अडचण नोकरीची. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम १६ शेअर्समध्ये सट्टा करायला मनाई करतो, आणि वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच, असं तिथे स्पष्ट आहे. अधूनमधून ब्रोकरमार्फत केलेली गुंतवणूक चालते. पण तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटमध्ये एकाच दिवशी एकाच बँकेचे शेअर अकरा वेळा घेऊन विकलेले दिसतात. त्याला ‘अधूनमधून’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

इंट्राडे आजच बंद करा. शिवाय कॅलेंडर वर्षातले शेअर व्यवहार सहा महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा जास्त झाले, तर पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत कार्यालयाला कळवावं लागतं. २०१९ चं परिपत्रक आहे. तुम्ही कळवलेलं नाही. उशिरा का होईना कळवा, पण मसुदा वकिलाला दाखवूनच. मेमो आला तर मुदतीत उत्तर द्या, आणि त्यात ‘छंद म्हणून’ वगैरे लिहू नका.

बायकोच्या नावाने खातं काढू का, असंही विचारलंत. नको. पैसे तुम्ही दिलेले असतील तर प्राप्तिकर कायद्यानुसार त्यावरचा नफा तुमच्याच उत्पन्नात धरला जाईल, आणि चौकशी झालीच तर तुम्ही लपवाछपवी केली असंच दिसेल.